खरखरणारा ट्रिगर

आमच्या घरात बंदूक आली ती माझ्याच चादरीत गुंडाळून. फिकट निळी, बारीक फुलांची, लक्ष्मी रोडवरून आणलेली चांगली चादर. मुलाने ती गाडीच्या डिकीतून दोन्ही हातांवर उचलून आणली, डायनिंग टेबलावर ठेवली आणि उलगडली. आत लाकडाची आणि लोखंडाची एक लांबलचक, काळपट रायफल, नखशिखांत तपकिरी ग्रीसने माखलेली. दुसऱ्या महायुद्धातली, रशियन. लष्कराने टाकून दिलेल्या असल्या रायफली तेव्हा टेक्सासात कुठल्याही दुकानात पिंपात झाडूसारख्या उभ्या करून स्वस्तात विकायचे.

"आई, डोन्ट वरी, मी चादर वॉश करतो," तो म्हणाला.

"चादरीचं राहू दे रे मेल्या, आधी ते टेबलावरून उचल. आपण जेवतो तिथे!"

तेव्हा हा 'मेल्या' शब्द माझ्या तोंडात सहज यायचा. आमच्याकडे चिंचवडला सगळ्याच आया मुलांना असं म्हणायच्या. आता नाही येत.

आम्हाला टेक्सासातल्या अर्विंगला येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. हे चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. इथे प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करणाऱ्या कंपनीत लागले आणि तिथेच राहिले. आजूबाजूला सगळे सॉफ्टवेअरवाले. मंडळाच्या कार्यक्रमाला कोणी नवा मुलगा भेटला की विचारायचा, "काका, तुम्ही कुठल्या टेक्नॉलॉजीवर?" हे गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "लोखंडावर."

मुलगा एकुलता एक, इथेच जन्मलेला. त्या वर्षी त्याची शाळा संपली, अठरा पूर्ण झाली आणि एका संध्याकाळी थालीपिठाचे दोन घास खाऊन तिसऱ्याच्या आधी त्याने सांगितलं की त्याला आर्मीत जायचंय. इराकचं युद्ध सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. रोज टीव्हीवर फोटो दाखवायचे. त्याच्याएवढीच पोरं, गणवेशातली, हसणारी. खाली नाव आणि गाव. मी तो चॅनलच बदलायचे.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. रडले, ओरडले, जेवण टाकलं. इथे अठरा झाली की सहीला आईबाप लागत नाहीत, हे मला त्याच दिवशी कळलं. पोर जन्माला घालायला आम्ही, ताप आला की जागायला आम्ही आणि मरायला पाठवायचं तर आमची सहीसुद्धा नको! शेवटी हे मला म्हणाले, "त्याला सांग, एक वर्ष थांब. कॉलेजचं एक वर्ष कर. त्यानंतरही जावंसं वाटलं तर जा." तो ताट उचलता उचलता मला "ओके" म्हणाला. ते वर्ष त्याने आमच्यावर उपकार म्हणून दिलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षात त्याचं मन फिरवायचं, एवढं एकच काम मला होतं.

आणि पहिल्या महिन्यातच ही रायफल.

"घेऊ दे त्याला," हे मला आदल्या दिवशी म्हणाले होते. "हौस फिटेल." यांच्या आईने म्हणे लहानपणी यांची आंब्याची हाव मोडायला अख्खी पाटी पुढ्यात ठेवली होती. खा म्हणाली, संपव. यांनी खाल्ले, रात्रभर ओकले आणि त्या वर्षी परत आंब्याला हात लावला नाही. आमच्या घरातली बहुतेक धोरणं अशी कुठल्या तरी आंब्याच्या पाटीवरून ठरलेली असायची. मलाही पटलं, खोटं कशाला सांगू? वाटलं, ते जड धूड उचलून खांदा दुखेल, कान बधिर होतील, कंटाळेल. पोराला मांजराचे केस चिकटलेले चालत नाहीत, तो काय ग्रीस साफ करतोय!

त्याने साफ केलं. टेक्सासचं ऑगस्टमधलं ऊन. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून त्याने ती ड्राइव्हवेवर ठेवली. दुपारभर तिच्यातून ग्रीस पाझरत राहिलं. शेजारची अमेरिकन बाई, दर उन्हाळ्यात माझे पापड बघितलेली, येऊन विचारून गेली की काय वाळत घातलंय, पापड का? मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी देसी दुकानातून परत आले तर स्वयंपाकघरात विचित्र वास आणि गॅसवर माझं मोदकपात्र. आत जाळीवर, वाफेत रायफलीचा बोल्ट, तो मागेपुढे सरकणारा लोखंडी दांडा.

"अरे, गणपती दहा दिवसांवर आले! त्यात मी नैवेद्य कसा करू?"

"इट्स जस्ट स्टीम, आई."

जस्ट स्टीम! ते मोदकपात्र मी रिठा, चिंच, मीठ, सगळं लावून घासलं. तरी पहिल्या मोदकाला मला तोच वास आला. यांना आला नाही, मुलाला आला नाही. त्यांनी एकवीसच्या एकवीस संपवले.

गणपती झाल्यावरच्या शनिवारी तो पहिल्यांदा रेंजवर गेला. गावाबाहेर माळावर एक नेमबाजीची जागा होती. एक म्हातारा अमेरिकन ती चालवायचा. हे गेले म्हणून मीही गेले. कानांवर ते मोठे गोळे लावून आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. लांबवर कागदाची चकती. याने पहिली गोळी झाडली आणि मी आवाजाने बाकावरून जवळजवळ पडलेच. मग दुसरी, मग तिसरी. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याने सगळ्यांना थांबवलं, हा जाऊन कागद घेऊन आला. कागदावर मोजून तीन भोकं, तीही तीन कोपऱ्यांना. बाकीच्या गोळ्या त्या माळाला ठाऊक.

पोराचा चेहरा असा पडलेला, लहानपणी शर्यतीत शेवटचा आला तेव्हा पडला होता तसा. म्हाताऱ्याने येऊन रायफल हातात घेतली, रिकामी करून ट्रिगर ओढून पाहिला आणि हसून म्हणाला की मुला, तुझा दोष नाही, या रायफलींचा ट्रिगर असाच. ओढत राहा, ओढत राहा, काहीच होत नाही, मध्येच अडतं, खरखरतं आणि तू कंटाळलास की मग सुटतं. तोवर नेम हललेला असतो.

मला काय वाटलं सांगू? मनातल्या मनात मी पेढे वाटले. म्हटलं, गणपतीबाप्पा, विसर्जनाला जाता जाता पावलास रे! ट्रिगर असाच राहू दे. एकही गोळी लागू देऊ नकोस. चार शनिवार असे गेले की हा आपण होऊन ती वस्तू अडगळीत टाकेल आणि त्या रायफलीबरोबर आर्मीही.

पण माझं नशीब! म्हाताऱ्याने ती रायफल यांच्या हातात दिली. म्हणाला, तुम्हीही ओढून पाहा. यांनी ट्रिगरवर बोट ठेवलं, हळू ओढला, मध्ये थांबले, डोळे मिटले, पुन्हा ओढला. तो चेहरा मी ओळखते. आमच्या घरात एक बिजागरी कुरकुरत नाही, एक नळ ठिबकत नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलो तर हे हात धुवायला म्हणून उठतात आणि बेसिनखाली सापडतात. लोखंडावर लोखंड घासून नीट बसत नसेल तर यांना अन्न गोड लागत नाही.

गाडीत बसल्याबसल्या मी सांगितलं, "तुम्ही त्यात हात घालायचा नाही. कळलं?"

"छे छे," हे म्हणाले. "मी कशाला?"

आता इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बापलेकांत दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. पोराचे गणिताचे मार्क पडले तेव्हा मंडळातल्या एका जेवणावळीत यांनी चारचौघांत हसत हसत म्हटलं होतं, "आमचं रत्न काही कामाचं निघालं नाही." मराठी बाप असं म्हणतातच. चारचौघांत पोराचं कौतुक करायची आपल्यात पद्धतच नाही, उलट दृष्ट लागते. पण ते इथल्या पोराला कोणी समजवायचं? त्याने ते शब्दशः घेतलं. तेव्हापासून "बाबांना सांग" आणि "त्याला विचार". दोघं एकाच सोफ्यावर बसून माझ्यामार्फत बोलायचे. मी म्हणजे पोस्ट ऑफिस.

रेंजवरून आल्यावर चारपाच दिवसांनी मुलगा टेबलावर वर्तमानपत्र पसरून रायफलीचे सुटे भाग काढत बसला होता. एक पिन निघेना. दात ओठ खाऊन ठोकत होता. हे सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपरामागून आवाज आला, "ती तशी नाही निघायची. खालून आधार दे."

त्याने खालून आधार दिला. पिन निघाली.

"आता?" तो म्हणाला. मला नाही, यांना.

यांनी पेपर खाली ठेवला. मी भाजी चिरत होते, तिथेच थांबले. दोन वर्षांत पहिल्यांदा एक शब्द माझ्यावरून न जाता सरळ गेला होता. आणि तोही कशासाठी, तर त्या कळकट रायफलीसाठी!

त्या दिवसापासून दोघं रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये. गॅरेजचं दार अर्धं उघडं, पंखा लावलेला, तरी दोघांचे शर्ट पाठीला चिकटलेले. मी चहा घेऊन जायचे आणि दारात उभी राहायचे. यांनी भिंग आणलं होतं, त्याखाली ट्रिगरचा भाग धरून दाखवत होते. आत लोखंडाचे दोन छोटे तुकडे एकमेकांवर टेकलेले असतात, ट्रिगर ओढला की एक दुसऱ्यावरून सरकतो आणि सुटतो, एवढंच. पण लढाईच्या घाईत बनवलेली वस्तू, पृष्ठभाग सगळा ओबडधोबड.

"बघ, नांगरलेलं शेत आहे हे," हे म्हणाले.

"नांगरलेलं म्हणजे?"

यांनी हाताने नांगर धरून दाखवला. पोरगा हसला. मीही हसले, मग लक्षात आलं आपण कशाला हसतोय आणि चहाचे कप आपटून आत आले.

चिंचवडहून येताना यांनी कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणलेले ऑइलस्टोन होते, तेल लावून धार काढायचे दगड. इतकी वर्षं कोणाला हात लावू देत नसत. ते पोराच्या हातात दिले. थोडं घासायचं, पुसायचं, भिंगाखाली बघायचं, पुन्हा थोडं. त्याचा हात घाई करायला लागला की हे त्याचं मनगट धरायचे. "हळू. काढलेलं लोखंड परत लावता येत नाही." जोडून झालं की रिकामी रायफल लाकडाच्या फळीवर आपटून बघायची, आपोआप सुटत नाही ना. एकदा सुटली. पोराला वाटलं, ट्रिगर हलका झाला की झालं, काय फरक पडतो. हे असे संतापले! "हलका नाही करायचा, नीट करायचा. धक्क्याने सुटली तर शेजारचा मरेल." मग तो तुकडा टाकून देऊन दुसरा मागवला आणि पुन्हा पहिल्यापासून. पोरगा एक अक्षर न बोलता पुन्हा घासायला बसला. गणिताच्या वहीसमोर जो पाच मिनिटं बसत नव्हता तो.

आणि बोलणं! घासता घासता काय काय बोलायचे. हे त्याला कारखान्यातल्या गमती सांगायचे, पहिल्या पगाराला काय केलं, कोणता फोरमन कसा ओरडायचा. मला लग्नानंतर इतक्या वर्षांत न सांगितलेल्या गोष्टी. आणि तो मराठीत बोलायला लागला. "बाबा, अजून घासू का?" "बाबा, आता बघ." मी दारामागे उभी राहून ऐकायचे. ते ऐकणं सुखाचं की दुःखाचं मला सांगता येणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसं झालं होतं माझं.

एक दिवस मात्र मी यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? त्याला नेम धरता येत नव्हता, तो आपोआप सोडणार होता. आणि तुम्ही ती वस्तू दुरुस्त करत बसलाय!"

हे बेसिनपाशी उभे होते. हात धूत राहिले. नखांतलं तेल काही निघत नव्हतं.

"मी तुमच्याशी बोलतेय."

"तो माझ्याशी बोलतोय गं," हे म्हणाले.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी पोळ्या लाटायला घेतल्या.

तो छोटा तुकडा एकदा ओट्यावर वाटीत ठेवलेला होता, पुसून सुकायला. घरात कोणी नव्हतं. मी तो तळहातावर घेतला. बोटाच्या पेराएवढा, आरशासारखा चकचकीत. कचऱ्याचा डबा पायाशीच होता. पण मग संध्याकाळी दोघं तो शोधत फिरतील, कोपऱ्याकोपऱ्यात वाकून बघतील, आणि सापडला नाही की एक जण म्हणेल "तूच हरवलास" आणि दुसरा म्हणेल "नो, यू डिड", आणि परत दोन वर्षं मी पोस्ट ऑफिस. मी तो वाटीत ठेवून दिला.

खंडेनवमीला आमच्याकडे दरवर्षी हॉलमध्ये पाटावर हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे काय, तर यांचा चिंचवडचा मापं घ्यायचा व्हर्नियर, माझी विळी, गाडीच्या किल्ल्या, लॅपटॉप. देसी दुकानात झेंडू मिळाला तर झेंडू. मुलगा सातवीआठवीपासून या भानगडीत पडत नव्हता, वरून "हॅपी दसरा" ओरडायचा. त्या वर्षी तो अंघोळ करून खाली आला, रायफल घेऊन. लाकूड जवसाचं तेल लावून लखलखीत केलेलं.

"आई, याची पण पूजा कर ना."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी पाटावर जागा केली.

कुंकवाचं बोट घेऊन मी पुढे झाले तर तो म्हणाला, "मेटलवर नको, रस्ट येतो." हे म्हणाले, "लाकडावर लाव." मी लाकडावर लावलं. अक्षता टाकल्या तर दोघं एकदम ओरडले, "अगं हळू!" आणि आरती व्हायच्या आधी हे चिमटा घेऊन एक एक तांदूळ वेचत बसले, एखादा दाणा आत जाऊन ट्रिगर अडायला नको म्हणून. देवासमोर बापलेकांची डोकी त्या रायफलीवर एकत्र वाकलेली. मी हात जोडून उभी होते आणि मला काही मागताच येईना. नीट चालू दे म्हणू? की चालू नको देऊ म्हणू? शेवटी नुसतीच उभी राहिले. आरती हेच म्हणाले.

पुढच्या शनिवारी रेंजवर. मी त्याच बाकावर. याने रायफल खांद्याला लावली, श्वास सोडला, आणि मी बघत होते ते त्याच्या बोटाकडे. बोट हललंच नाही असं वाटलं आणि गोळी गेली. मग पुढची. सगळे थांबले तेव्हा तो कागद आणायला चालत गेला आणि येताना पळत आला. सगळी भोकं मधोमध, माझ्या तळहाताखाली झाकतील एवढ्या जागेत.

म्हाताऱ्याने शीळ घातली. विचारलं, हा ट्रिगर कोणी केला?

"माय डॅड," मुलगा म्हणाला. मग मराठीत, यांच्याकडे बघून, "बाबांनी केला."

हे मान खाली घालून रुमालाने चष्मा पुसायला लागले. आणि मी टाळ्या वाजवल्या. हो, मीच. हात आपोआप वाजले. कोणत्या आईला पोराचा नेम लागलेला आवडत नाही?

घरी परतताना तो मागच्या सीटवर होता, कागद मांडीवर. म्हणाला, "आय वॉन्ट टू टेल यू समथिंग. मी वर्षभर नाही थांबणार. जानेवारीत जातो."

यांनी गाडी बाजूला घेतली.

"आधी मला वाटायचं, आय विल बी नो गुड. म्हणून मी वर्षभर थांबायला हो म्हटलं. मला भीती वाटत होती की तिथे जाऊन पण मी काही कामाचा नाही निघणार." हे त्याने मराठीत म्हटलं, यांच्याच शब्दांत, पण रागाने नाही. "आता माहितीये. आय कॅन डू धिस. थँक्स, बाबा."

थँक्स! यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. बाजूने ट्रक जात होते आणि गाडी हलत होती. हौस फिटावी म्हणून आणलेल्या वस्तूने त्याची भीती फिटली होती, आणि भीती हाच आमचा शेवटचा आधार होता, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

नंतर आर्मीचा भरतीवाला घरी आला. पंचविशीतला असेल, बुटांना आरशासारखी पॉलिश, "मॅम, मॅम" करणारा. मी ठरवलं होतं, याला पाणीसुद्धा द्यायचं नाही. पण दारातून आत आला, सोफ्यावर बसला, आणि माणूस दारी आला की आपल्या हाताला वळण असतं. दिवाळीचा चिवडा केला होता. तो वाटीत घालून दिला, चकल्या दिल्या, चहा दिला. तो म्हणाला, मॅम, असं काही मी कधी खाल्लं नाही. तर माझं तोंड म्हणतं, "अजून घ्या ना." माझ्या पोराला न्यायला आलेल्या माणसाला मी आग्रह करकरून चिवडा वाढला आणि जाताना डबा भरून दिला. तो गेल्यावर मोरीपाशी बसून इतकी रडले. हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "चकल्या खुसखुशीत झाल्या होत्या." दुसरं काही सुचलं नसेल त्यांना.

जानेवारीत तो गेला. ट्रेनिंगहून आला तेव्हा मान जाड झाली होती आणि केस नव्हते. मग इराक. एकदा जाऊन सुखरूप परत आला. मी वाटेल ते नवस बोलले होते, सगळे फेडले. म्हटलं, सुटलो. तर कसले सुटलो! हे लिहिते आहे तेव्हा तो दुसऱ्यांदा तिकडेच आहे. नक्की कुठे ते सांगत नाहीत.

परवाच्या रविवारी त्याचा फोन आला. आम्ही दोघं स्पीकरवर. हवा कशी आहे, झोप होते का, सगळं झालं. मग यांनी विचारलं, "तुला दिलेली रायफल कशी आहे रे? ट्रिगर?" इतक्या दिवसांत यांनी हे कधी विचारलं नव्हतं. या घरात ट्रिगर हा शब्दच ते काढत नसत.

लाइनवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे उत्तर येईपर्यंत वाट बघावी लागते.

"सो सो," तो म्हणाला. "थोडा ग्रिटी आहे. खरखर."

यांचं बोट सोफ्याच्या हातावर हळूहळू वळलं. डोळे मिटलेले. "सुरुवातीला खरखरतो की शेवटी?"

"शेवटी. जस्ट बिफोर."

"मग ते सोपं आहे," हे पुढे सरकून बसले. "अरे, ते पाच मिनिटांचं काम आहे. मी स्टोन पाठवतो. उद्याच पाठवतो. बारीकवाला. तू फक्त..."

"बाबा, नाही. हात नाही लावता येत. अलाउड नाही. ती माझी नाहीये बाबा, आर्मीची आहे. जी देतात ती घ्यायची."

"अरे पण तुमचा कोणी असेल ना दुरुस्तीवाला? त्याला सांग. त्याच्याशी मी बोलू का? त्याला फोन दे."

"बाबा," तो म्हणाला, फार मऊ आवाजात, लहान मुलाला समजवावं तसा. "इट्स फाइन. चालते."

यांचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. ज्या हातांनी आयुष्यभर मिळेल ते लोखंड सरळ केलं ते. मी म्हटलं, "अहो, सांगा ना काहीतरी त्याला. काहीतरी युक्ती असेल ना." यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि फोन माझ्याकडे सरकवला.

मी फोन तोंडाजवळ धरला. विचारायचं खूप होतं.

"बाळा," मी म्हटलं, "वेळेवर सुटते ना रे गोळी?"

आवाज पोचायची वाट बघत आम्ही दोघं फोनवर वाकलो.

"सुटते, आई," तो म्हणाला. "सुटते."